माहेरची सुमन, सासरची सुनंदा



आमच्या भावकीतल्या एका सुनेची ही हकीकत आहे. घर जवळचे, म्हणून नावे बदलून सांगतो. माहेरी ती सुमन. लग्नात नवऱ्या मुलाने तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव काढले, ते सुनंदा. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. तिथल्या सरकारी दवाखान्यात केसपेपर निघाला तो सुमन या नावाने, वडिलांचे नाव आणि आडनाव लावून, कारण आधार कार्डावर तेव्हा तेच होते. मुलगा झाला. यथावकाश लेक सासरी परतली. कागद माहेरच्या ट्रंकेत राहिले.

दुसऱ्या खेपेला नोंदणी झाली ती सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तोवर आधार बदलून घेतले होते. सुनंदा, पुढे नवऱ्याचे नाव, पुढे आमचे आडनाव. सिस्टरबाईंनी विचारले, "कितवी खेप?" हिने सांगितले, "दुसरी." पहिल्या बाळंतपणाच्या माहितीचे रकाने मात्र कोरेच राहिले. रक्तगट तपासला तो निगेटिव्ह निघाला, आणि सातव्या महिन्यात तिला तालुक्याला पाठवले. गाडी माझी होती, म्हणून मीही सोबत होतो.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "थोरल्या मुलाच्या वेळी अँटी-डी दिलं होतं का?"

आता हे कोणाला ठाऊक? सासू म्हणाली, "इंजेक्शनं तर पुष्कळ दिली होती म्हणे." नवरा छताकडे पाहू लागला.

प्रश्न साधा नव्हता. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचा पॉझिटिव्ह असला, तर बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्याला परके समजते आणि त्याच्याविरुद्ध लढणारी द्रव्ये तयार करते. पहिले मूल बहुधा सुखरूप सुटते. फटका बसतो पुढच्याला. त्याचे रक्त पोटातच नासू लागते, कावीळ होते, कधी मूल दगावतेही. बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत आईला अँटी-डीचे इंजेक्शन दिले, तर हे सहसा टळते. एकदा ती द्रव्ये तयार झाली की मग इंजेक्शनाचा उपयोग नाही. म्हणजे थोरल्याच्या वेळी काय केले, यावर धाकट्याचे बरेच काही अवलंबून होते. आणि ते लिहिलेला कागद पाऊणशे किलोमीटरवर, सुमन नावाच्या दुसऱ्याच कुणा बाईचा म्हणून पडलेला!

बाईंनी रक्त तपासणीला पाठवले आणि कागद मागवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी भाऊ एस.टी.ने आला. खताच्या दुकानाची पिशवी, तिच्यात सुरळी केलेले कागद. बाईंनी ते टेबलावर हाताने सपाट केले, चष्मा पुसला, वाचले. मग म्हणाल्या, "इंजेक्शन दिल्याचं लिहिलंय. पण ही सुमन म्हणजे तुम्हीच कशावरून?"

सासूबाईंना राग आला. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. दुसऱ्या बाईचा कागद खरा धरून बसले आणि ती ती नसली, तर?

बाईंनी मग एकेक खूण ताडून पाहिली. कागदावर माहेरचे गाव, वडिलांचे नाव. ते आधारावर आता नव्हते, पण हिच्या शाळेच्या दाखल्यावर होते. जवळचा नातेवाईक म्हणून नवऱ्याचे नाव लिहिलेले, ते जुळले. बाळंतपणाची तारीख आणि थोरल्याच्या जन्मदाखल्यावरची तारीख एक. रक्तगट दोन्हीकडे बी निगेटिव्ह. "आता पटलं," बाई म्हणाल्या. रक्ताचा अहवालही पुढे चांगला आला, त्यात नको ती द्रव्ये नव्हती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या टेबलाशी जे झाले, ते आपल्याला नवे नाही. म्हैस चुकते, चार गावांपलीकडे सापडते, तेव्हा आपण काय करतो? म्हैस काळी आहे, एवढ्याने कोणी ती आपल्या ताब्यात देत नाही. सगळ्याच काळ्या असतात. पण डावे शिंग मोडलेले आहे, कपाळावर पांढरा टिळा आहे, उजवा कान फाटका आहे असे सांगितले की समोरचा मान डोलावतो. जी खूण विरळा, तिला वजन जास्त. जी सगळीकडे आढळते, तिला कमी. आपल्या देशात शंभरातल्या पाचेक माणसांचाच रक्तगट निगेटिव्ह असतो, म्हणून सुनंदाच्या बाबतीत ती खूण भारी ठरली. मुलाची जन्मतारीख त्याहून भारी. "बाई, वय पंचवीस" याला मात्र काही वजन नाही.

मोठमोठे दवाखाने आणि सरकारी खाती संगणकात कागदाला कागद जोडतात, ते याच हिशेबाने. कॅनडात हॉवर्ड न्यूकोंब नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ साली सहकाऱ्यांबरोबर हे करून दाखवले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लग्नाच्या नोंदी आणि जन्माच्या नोंदी संगणकाकरवी एकमेकींना जोडल्या, कोणते मूल कोणत्या जोडप्याचे ते काढण्यासाठी. विरळा आडनाव जुळले तर जास्त गुण, सर्रास आढळणारे जुळले तर कमी. दहा वर्षांनी, १९६९ साली, फेलेगी आणि सुंटर या दोघांनी त्याचे रीतसर गणित मांडले. आजही बऱ्याच ठिकाणी जोडणीच्या पोटात तेच गणित चालते. गुण भरपूर झाले तर एकच माणूस, अगदी कमी झाले तर दोन, आणि मधल्या पट्ट्यात सापडले तर जाणत्या माणसाने डोळ्यांनी पाहून ठरवायचे.

पण हे गणित इंग्रजी नावांच्या मुलखात वाढले. आपली नावे त्याला चकवतात. उच्चार सारखा असलेली नावे हुडकण्याची एक जुनी युक्ती आहे, साउंडेक्स. अमेरिकेत १९१८ साली तिचे पेटंट घेतले गेले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. आता आपला ज्ञानेश्वर घ्या. इंग्रजीत लिहिताना कोणी तो 'डी'पासून लिहितो, कोणी 'जी'पासून, कोणी 'जे'पासून. पहिले अक्षरच निराळे, म्हणजे या युक्तीच्या लेखी तीन निराळी माणसे. मराठीत लिहिले असते तर एकच राहिला असता. खिडकीवर नाव सांगतो आपण मराठीत, टंकले जाते इंग्रजीत, आणि चूक होते ती अशी मधल्या मध्ये.

शिवाय नावाचा क्रम. एका दवाखान्यात आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. म्हाताऱ्या माणसांना तर गाव ज्या नावाने हाक मारते तेच नाव. आमच्या आळीतल्या अण्णांचे खरे नाव मला त्यांच्या दहाव्याच्या पत्रिकेवर कळले. आणि जन्मतारीख? तुमच्या घरात किती जण एक जूनला जन्मलेले आहेत, मोजून पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने एक जून लिहून टाकला. आपण हसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ती खूण काळ्या म्हशीसारखी झाली. गावात एकाच वर्षीच्या एक जूनला जन्मलेले दहा जण असले, तर तारीख जुळून काय उपयोग?

एका माणसाचे दोन झाले, तर बहुधा वेळ आणि पैसा जातो. तपासण्या पुन्हा होतात. दोन माणसांचा एक झाला, तर मात्र जिवावर बेतते. ज्याला पेनिसिलीन चालत नाही, त्याच्या कागदावर ज्याला चालते त्याची माहिती आली तर काय होईल, ते सांगायला नको. आपल्याकडे अर्धे गाव एका आडनावाचे. वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन पांडुरंग, दोघांचे वडील विठोबा, असे सहज घडते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली दवाखान्यांना सांगितले, की औषध देण्याआधी, रक्त काढण्याआधी किंवा चढवण्याआधी रोग्याच्या निदान दोन खुणा पाहा, आणि खाटेचा नंबर ही खूण धरू नका. खाट बदलते.

इथे एक गोष्ट आपल्या हातची आहे. घाईत असलेली नर्स विचारते, "तुम्हीच पांडुरंग ना?" आणि कमी ऐकू येणारा म्हातारा काहीही विचारले तरी "हो हो" म्हणतो. मोठ्या माणसापुढे नाही म्हणायचे नाही, ही आपली जुनी खोड. खरे म्हणजे विचारायला हवे, "बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा." नर्सने तसे विचारले नाही, तर सोबत बसलेल्याने आपणहून नाव, वय आणि गाव सांगावे. बाटली लावण्याआधी तिच्यावरच्या चिठ्ठीतले नाव वाचून पाहावे. कोणी रागावले तर रागावू द्यावे.

आणखी एक. हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. योजनेत नाव एकीचे आणि ऑपरेशन दुसरीचे, असे प्रकार घरोघरी कुजबुजीने सांगितले जातात. जावेचे कार्ड चालत नव्हते, म्हणून हिचे दाखवले. त्या वेळी अडलेले काम होते, मी नावे ठेवत नाही. पण कागदोपत्री पिशवी काढली गेली ती हिची. पाच वर्षांनी हिच्याच पोटात दुखू लागले, तर डॉक्टरांपुढे हिच्या नावावर गर्भाशय काढल्याची नोंद. ते त्या बाजूने विचारच करणार नाहीत. रक्तगट जावेचा, साखर जावेची, आणि अंग हिचे. पैशाचा घोळ मागाहून निस्तरता येतो. अंगाचा घोळ कोण निस्तरणार?

आपण म्हणाल, मग सरळ एक नंबर द्यावा आणि मोकळे व्हावे. म्हशीच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, तसा. मंडळी, नंबर आले आहेत. आधारही बारा आकडीच, आणि देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. दवाखान्याच्या कागदांसाठी निराळा नंबर आहे, चौदा आकडी. त्याला 'आभा' म्हणतात. तो ज्या योजनेतला, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. नंबर फुकट मिळतो आणि सक्तीचा नाही.

पुष्कळ लोक आभा आणि आयुष्मान कार्ड यांत गल्लत करतात. २०१८ साली सुरू झालेल्या योजनेचे आयुष्मान कार्ड म्हणजे दवाखान्याच्या खर्चाची सोय, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आभा म्हणजे कागदांची दोरी, तिच्यावर एक पैसाही मिळत नाही. आभा दाखवून ऑपरेशन फुकट मागितले तर खिडकीवर भांडणच होईल.

कागद दिल्लीला एका ठिकाणी जाऊन पडतात असेही नाही. ज्या दवाखान्यात तपासणी झाली, कागद त्याच्याकडेच राहतो. नंबराने एवढेच होते, की दुसऱ्या डॉक्टरांनी मागितला आणि तुम्ही होकार दिला तर तो त्यांना दिसतो. होकार ठराविक मुदतीपुरता देता येतो, मागेही घेता येतो. मात्र दोन्ही दवाखाने त्या व्यवस्थेत असायला हवेत आणि कागद करताना नंबर नोंदवायला हवा. नंबर काढून कपाटात ठेवला, तर जुने कागद आपोआप येऊन त्याला चिकटत नाहीत. आणि आभा आधारावरून काढला, तर आधारावर जे नाव आणि जी तारीख, तीच त्यात उतरते. एक जून तिथेही आलाच! आधारावरचे नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा लग्नानंतर नाव बदलायचे का आणि कसे, हे मांडवातच घाईने न ठरवलेले बरे.

होकाराचा निरोप येतो मोबाईलवर. इथे माझ्या मनात शंका आहे. घरात नंबर एक, आणि तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. मग बाईच्या कागदांची किल्ली कोणाकडे? एखादीला क्षय होऊन बरा झालेला असतो, एखादीचा गर्भ पडलेला असतो, कोणाला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतात. डॉक्टरांना हे कळायला हवे, पण सगळ्या घराला कळावे असे तिला वाटत नसेल, तर तो तिचा हक्क आहे. जिला जमेल तिने आपला निराळा मोबाईल नंबर जोडावा. फोनवर कोणी दवाखान्यातून बोलतो म्हणून आकडे विचारले, तर सांगू नयेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींसाठी तर हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास बीडहून निघालेली गरोदर बाई होळीपर्यंत दुसऱ्याच जिल्ह्यातल्या फडात असते. नाव नोंदवलेले गावी, दिवस भरतात तिकडे. तिच्याकडे माता व बाल संरक्षण कार्ड असले आणि त्यावर आर.सी.एच.चा नंबर असला, तर तिकडच्या सिस्टरला इकडची नोंद शोधता येते. कार्ड गावच्या पेटीत राहिले, तर ती तिकडे नवखीच. क्षयाच्या रोग्याचेही तसेच. २०१२ पासून त्यांची नोंद 'निक्षय' या व्यवस्थेत होते. साध्या क्षयाचे औषधही निदान सहा महिने चालते, ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. निघण्याआधी केंद्रात "मी अमुक तालुक्यात चाललो" म्हणून सांगितले आणि निक्षयचा नंबर जवळ ठेवला, तर तिकडे त्याच नंबरावर औषध पुढे चालू राहते. न सांगता गेले, तर इथे "रोगी बेपत्ता" आणि तिथे "नवा रोगी". मधले राहिलेले डोस कोणाच्याच हिशेबात नाहीत.

जन्मलेल्या बाळाला तर नावच नसते. दवाखान्यात ते "बेबी ऑफ सुमन". जन्मतःच दिलेली बी.सी.जी., काविळीची लस, पोलिओचे थेंब, सगळे त्या नावावर. जुळी असली तर बेबी एक आणि बेबी दोन, आणि त्यातले कोणते आपले कोणते, हे आईलाच विचारावे. पुढे बारसे होते, बाळ दुसऱ्या गावी येते, नव्या नावाने नवे कार्ड निघते, आणि पहिल्या लसी कोऱ्या रकान्यात जातात. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, नाव ठरले नसले तरी. दाखल्यात नाव नंतर घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना पुढे शाळेला आणि आधाराला जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. या पिढीत तरी गुरुजींच्या एक जूनची गरज उरलेली नाही. दाखला हातात पडला की आईचे नाव, बापाचे नाव, काना-मात्रेसह तिथेच उभे राहून वाचावे.

सुनंदा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. बाळाचे रक्त पॉझिटिव्ह निघाले, आणि इंजेक्शन त्याच दिवशी दिले गेले. या खेपेला केसपेपर काढताना तिने स्वतः खिडकीवर सांगितले, "सुनंदा लिहा, आणि पुढं माहेरचं नाव सुमन असंही लिहा." कारकून म्हणाला, रकाना एकच आहे. ती म्हणाली, मग कडेला लिहा. त्याने लिहिले.

बाराव्या दिवशी बारसे झाले. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितले. घुगऱ्या वाटून होतात न होतात तोच सुनंदाने आशाताईंना बसवून घेतले, कार्ड पुढे केले, आणि "बेबी ऑफ सुनंदा"च्या खाली बाळाचे नाव लिहून घेतले. खताच्या दुकानाची ती पिशवी आता तिच्या खोलीत खुंटीला आहे.